हारांचा हिशेब

मनामात, गुदैबियाच्या गल्लीत,
हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर
मी प्लॅस्टिकचे हार मोजतो.
एक हार, एक दिनार.
गिऱ्हाईक बोट दाखवतं, पोऱ्या स्टेजवर जातो,
नताशाच्या गळ्यात हार घालतो,
गाणं संपायच्या आत तो परत माझ्या टोपलीत.
एकच हार रात्रीत चाळीस वेळा विकलाय मी.
झेंडूचा असता तर नऊलाच मान टाकली असती त्यानं.

नताशा कुर्डूवाडीची. निर्मला.
तिकडे बारवर बंदी आली तेव्हा एकोणिसाची होती.
पेपरात छापून आलं, बायका वाचल्या.
"दुसऱ्या दिवशी मी भांडी घासायला लागले," ती सांगते,
"तिसऱ्या दिवशी शेटनं विचारलं,
भांड्यांशिवाय आणखी काय काय येतं?"
मग एजंट, मग विमान, मग हे स्टेज.
दोन फूट उंच, पुढं पितळी कठडा.

परवाना माझ्या डोक्यामागं, फ्रेममध्ये.
सोनेरी शिक्का, अरबी अक्षरं.
हीच अक्षरं महाडच्या मदरशात घोटली होती मी,
वेगळ्या पुस्तकासाठी.
लिहिलंय: संगीत दोनपर्यंत.
कलाकारानं कठड्याबाहेर येऊ नये.
गिऱ्हाईकानं कठड्याआत हात घालू नये.
आग विझवायचे सिलिंडर, तीन.
वाईट नाहीत नियम. खरंच नाहीत.
पुलापलीकडून आलेला तो थोराड माणूस
कठड्यावर पाय टाकू लागला,
तेव्हा बाउन्सरनं त्याला उचलून लिफ्टपर्यंत नेला
आणि कुणी ब्र काढला नाही.
पनवेलला, निर्मला म्हणते, अशा वेळी आम्हीच पळायचो,
मागल्या दारानं.
आणि मागल्या दारात पोलीस.

माझा मेहुणा दर ईदला फोनवर म्हणतो,
सोड ती हराम कमाई,
सरकारनं टाळंच ठोकायला पाहिजे.
मी म्हणतो, हो.
त्याच्या थोरल्याची इंजिनियरिंगची फी
याच टोपलीतून गेली.
त्यावर तो काही म्हणत नाही, मीही नाही.

रमजानात टाळं असतंच, महिनाभर.
स्टेजवर चादर, कीबोर्डवर चादर.
मी रोजा धरतो. हलकं वाटतं.
आठ बायका एका फ्लॅटमध्ये;
हार नाही तर पगार नाही.
कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमध्ये
कुट्टनच्या वहीत दूध, अंडी, पॅड, सगळं उधार.
इफ्तारचे खजूर मी त्यांच्याकडे पोचवतो.
सवाब कुणाच्या खात्यावर, ते मांडत नाही.

मार्चमध्ये इन्स्पेक्टर आला.
तरुण, अत्तर लावलेला, बोलायला नम्र.
टेपनं कठडा मोजला. सिलिंडरवरची तारीख पाहिली.
खुर्च्या मोजल्या. एक जास्त निघाली,
ती बाहेर काढायला लावली.
बायकांचे पासपोर्ट मॅनेजरच्या लोखंडी कपाटात,
माझ्या गुडघ्याला लागून.
त्याच कपाटावर कोपर टेकवून
त्यानं उभ्या उभ्या फॉर्म भरला.
फॉर्ममध्ये कपाटाचा रकाना नव्हता.
मी बोललो असतो.
अरबी येतं मला, पुरेसं येतं.
पण माझाही पासपोर्ट त्यातच होता.

रात्री अडीचला निर्मला घोट्याला बाम चोळत बसली.
मी विचारलं, तुला काय वाटतं,
हे चालू राहावं की बंद व्हावं?
तिनं वर पाहिलं नाही.
"सगळे दाराचंच विचारतात. उघडं का बंद.
किल्ली कुणाकडं असती ते विचारा की, मुकादम."

बाहेर पहाटेची बांग झाली.
मी हार साबणाच्या पाण्यात टाकले,
घामाचा वास असतो त्यांना.
इन्स्पेक्टरनं काढायला लावलेली खुर्ची
अजून जिन्यातच पडली होती.
तिच्यावर बसून तिनं चपला घातल्या.